विश्लेषण : पुण्यातील स्कॉटिश मिशनची सुरुवात सावित्रीच्या मुखाशी का झाली?

महाडजवळचे सव म्हटले की बहुतेकांना गरम पाण्याचे झरे आठवतात. सवच्या काठाने वाहणारी सावित्री पुढे बाणकोटला समुद्राला मिळते. याच बाणकोटला १८२३ मध्ये पश्चिम भारतातील पहिले स्कॉटिश मिशन सुरू झाले.

पुणे सोडून बाणकोटच का?

डोनाल्ड मिचेल हे कंपनीच्या फौजेतील माजी लेफ्टनंट. पाद्री होऊन ते १८२३ च्या सुरुवातीला स्कॉटिश मिशनरी सोसायटीतर्फे मुंबईत उतरले. त्यांना पुण्यात काम करायचे होते. पण पेशवाई बुडून जेमतेम पाच वर्षे झाली होती. पुण्यात धर्मप्रचार म्हणजे विस्तवाशी खेळ, असे मुंबई सरकारला वाटले आणि परवानगी मिळाली नाही. बाणकोट मात्र १७५६ पासून कंपनीकडे होते. तेथील हिंमतगडाचे नावही इंग्रजांनी 'फोर्ट व्हिक्टोरिया' केले होते. शिवाय खाडीतून भरतीच्या पाण्यावर गलबते दासगाव, महाडपर्यंत जात. म्हणजे बंदर हाताशी आणि मुलुखात शिरायला वाटही तयार.

मिचेल त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वारले. मिशन मात्र टिकले.

चर्चआधी शाळा?

पाठोपाठ आलेले जेम्स मिचेल, अलेक्झांडर क्रॉफर्ड, जॉन कूपर आणि जॉन स्टीव्हन्सन यांनी बाणकोट-हर्णे पट्ट्यात मराठी शाळा काढल्या. धर्मांतरे फारशी झाली नाहीत, शाळांना मात्र मुले मिळाली. पालकांना हवे होते ते लिहिणे आणि हिशेब. बायबलचे धडे त्यासोबत येत, हेही नाकारता येत नाही.

मिशनऱ्यांना स्वतःलाही शिकावे लागले. १८२७ मध्ये आलेले रॉबर्ट नेस्बिट पुढे अस्खलित मराठीसाठी ओळखले गेले. ज्यांच्या नावाने मुंबईचे विल्सन कॉलेज आहे, त्या जॉन विल्सन यांनीही १८२९ मध्ये मराठीचे पहिले धडे याच किनाऱ्यावर गिरवले. स्टीव्हन्सन यांनी तर १८३३ मध्ये मराठीचे व्याकरणच छापले.

मग हे मिशन कोकणातून गेले कुठे?

१८३०च्या दशकाच्या सुरुवातीस पुण्याची दारे उघडली. स्टीव्हन्सन आणि जेम्स मिचेल घाट चढून गेले, विल्सन मुंबईत स्थिरावले आणि कोकणातले काम मागे पडले. १८३५ मध्ये हे मिशन चर्च ऑफ स्कॉटलंडकडे गेले.

पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत १८४१ मध्ये एका विद्यार्थ्याने प्रवेश घेतला आणि १८४७ मध्ये शिक्षण पूर्ण केले. त्याचे नाव जोतीराव फुले. पुढच्याच वर्षी त्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. तिथे शिकवणाऱ्या सावित्रीबाईंच्या अध्यापन प्रशिक्षणाच्या संदर्भात चरित्रकार ज्या मिचेलबाईंचा उल्लेख करतात, त्या बाणकोटहून पुण्याला गेलेल्या याच जेम्स मिचेल यांच्या पत्नी.