प्रोग्रामचा पहारा

हाउसच्या क्रॉस कंट्रीचे गुण मोजायला मी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला आहे. त्यात कोणी ‘सात’ असे अक्षरांत टाइप केले, तर ‘इंट’ला त्याचा आकडा करता येत नाही. ‘व्हॅल्यू एरर’ येऊन प्रोग्राम बंद पडतो. आधी भरलेले गुणही जातात. म्हणून ती ओळ ‘ट्राय’मध्ये लिहावी, ‘एक्सेप्ट’मध्ये सूचना द्यावी आणि योग्य आकडा मिळेपर्यंत ‘व्हाइल’ने पुन्हा विचारावे. गंमत म्हणजे देवनागरी ‘७’ पायथनला चालतो! पण ७०० हाही आकडाच. म्हणून ० ते १० ही मर्यादा वेगळी तपासावी. दिल्लीत मुख्यालय असलेल्या ‘आधार’च्या १२ अंकी क्रमांकात शेवटचा अंक तपासणीचाच असतो, एक अंक चुकला तरी तो जुळत नाही. चुकीचा परवलीचा शब्द ऐकून संत्री पोस्ट सोडत नाही. प्रोग्रामनेही सोडू नये.