आगगाडीचे धनी आणि अमेरिकेचा शेतकरी

अमेरिका म्हटली म्हणजे आमच्या शेतकरी बंधूंच्या डोळ्यांपुढें यंत्रें व हजारों एकरांचीं शेतें उभीं राहतात. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील शेतकरी स्वतःच्या धान्याचा मालक असूनही त्याच्या भावाचा मालक नव्हता. तो भाव कोणाच्या मुठींत होता, हें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

पूर्व व पश्चिम किनारा जोडणाऱ्या लोहमार्गासाठीं सन १८६२ च्या कायद्यानें सरकारनें जमिनी दिल्या. रुळांच्या दोहों बाजूंस बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें एक चौकोन कंपनीचा, तर पुढचा सरकारचा. अशा रीतीनें निरनिराळ्या कंपन्यांस मिळून बारा कोटी एकरांहून अधिक जमीन गेली. आमची उभी नोकरी महसूल कचेरींत झाली; हातभर बांधासाठीं दोन पिढ्या भांडतांना आम्हीं पाहिल्या आहेत. त्यामुळें हा आकडा वाचून आम्ही क्षणभर थबकलों. शिवाय सेंट्रल पॅसिफिक कंपनीचे अध्यक्ष लेलंड स्टॅनफर्ड हेच १८६२-६३ मध्यें कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते. राज्याची मदत देणारेही तेच आणि घेणारेही तेच!

जेथें दोन कंपन्यांचे मार्ग असत तेथें भाडें उतरे. जेथें एकच मार्ग, तेथें कंपनी मागेल तें द्यावें लागे. त्यामुळें दूरच्या शहरीं जाणाऱ्या मालापेक्षां त्याच वाटेवरील जवळच्या गांवच्या मालास पुष्कळदां जास्त भाडें पडे. मोठ्या गिऱ्हाइकास मात्र गुप्तपणें सूट. तेलाचे व्यापारी जॉन रॉकफेलर व त्यांचे सोबती यांचा १८७२ चा बेत तर असा कीं, आपल्या तेलावर सूट मिळावीच, शिवाय प्रतिस्पर्ध्यानें भरलेल्या भाड्यांतूनही आपणांस वांटा मिळावा. बेत फुटला व फसला. परंतु तोंवर त्याच धाकानें क्लीव्हलंड शहरांतील बहुतेक प्रतिस्पर्धी कारखाने रॉकफेलर यांच्या हातीं आले होते. कायदेमंडळांच्या सभासदांस फुकट प्रवासाचे पास मिळत. मग तेथें तोंड कोण उघडणार?

गाडींतून धान्य उतरे तें शिकागोच्या उंच कोठारांत. यंत्रानें तें वर चढवीत, वजन करून प्रत ठरवीत व त्याच प्रतीच्या दुसऱ्यांच्या धान्यांत मिसळून टाकीत. हातीं उरे ती पावती. म्हणजे वजन, प्रत व भाडें या तिन्ही गोष्टी कोठारवाल्याच्या तोंडीं! १८७४ सालीं तेथें अशीं चौदा कोठारें असून त्यांचे दर नऊ पेढ्या आपसांत ठरवीत. अशाच पेढ्यांपैकीं मन्न आणि स्कॉट ही पेढी १८७२ सालींच बुडाली होती. तिच्या कांहीं कोठारांत वरच्या बाजूस फळ्या ठोकून त्यांवर धान्याचा थर पसरला होता, खालीं पोकळी! मापांत पाप आपणांसही नवें नाहीं, पण इतकें उंचावरचें आम्हीं ऐकलें नव्हतें.

१८६७ सालीं ऑलिव्हर केली या शेतकी खात्यांतील कारकुनानें ग्रेंज ही शेतकऱ्यांची संस्था काढली. (कारकून होता, म्हणून आम्हांस त्याचें थोडें कौतुक वाटतें.) आरंभीं हेतु ज्ञानप्रसार व मेळावे हाच होता, पुढें सभांतून गाडीभाड्याचीच चर्चा होऊं लागली. इलिनॉय राज्यानें १८७१ सालीं कोठारांच्या दरांस मर्यादा घातली. मन्न आणि स्कॉट यांस शंभर डॉलर दंड झाला व तो खटला वरिष्ठ न्यायालयांत गेला. ज्या मालमत्तेंत लोकांचें हित गुंतलें आहे तिच्या दरावर सरकार नियंत्रण ठेवूं शकतें, असा निकाल १८७७ सालीं लागला.

पण १८८६ सालीं त्याच न्यायालयानें ठरविलें कीं, एका राज्यांतून दुसऱ्यांत जाणाऱ्या मालाच्या भाड्यावर राज्यांचा हुकूम चालणार नाहीं. गहूं तर राज्याबाहेरच जाणार! म्हणून १८८७ सालीं मध्यवर्ती सरकारनें गुप्त सूट बंद करणारा कायदा केला व देखरेखीस मंडळ नेमलें. त्या मंडळास दर ठरविण्याचा अधिकार नाहीं, असें न्यायालयानें १८९७ सालीं सांगितलें. तो मिळण्यास १९०६ साल उजाडलें. ज्यांनीं ग्रेंजची पहिली वर्गणी भरली, त्यांपैकीं पुष्कळांचीं शेतें तोंवर मुलांच्या नांवें झालीं असतील.