पाच फरशा म्हणजे तीन मीटर

"आजोबांसाठी का?" मेडिकलवाल्याने विचारलं. कानाच्या यंत्राचा 675 नंबरचा सेल मागितला की हा प्रश्न येतोच. मी हो म्हणून टाकलं. तसं ते अगदीच खोटं नाही. एक आजोबा जर्मन, 1966च्या फोटोकिना प्रदर्शनात जगापुढे आलेला रोलाय 35 कॅमेरा. दुसरे जपानी, 1970चा ऑलिंपस 35 आरसी. दोघांचे उजेड मोजणारे मीटर 1.35 व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचे आणि ते सेल आता मिळत नाहीत. साधा दीड व्होल्टचा घातला तर काटा उजेड आहे त्याहून जास्त दाखवतो आणि फोटो काळवंडतात. कानाचा सेल 1.4 व्होल्टचा, पण अंगाने बारीक. म्हणून त्याला नळाचा रबरी वायसर चढवायचा. स्टिकर सोलून हवा लागली की तो वापरला-न वापरला तरी काही आठवड्यांत मान टाकतो.

लोक विचारतात, लेन्स कुणाची चांगली? रोलायची 40 मिलिमीटरची टेसर, आरसीची 42ची झुइको. पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटवर मला तरी फरक ओळखता आलेला नाही. फरक आहे तो काम कधी करायचं यात.

आरसीत डोळा लावला की मधल्या पिवळसर ठिपक्यात माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सची कडी फिरवायची, त्या एकमेकींवर चढल्या की फोकस झालं. शटरचा वेग आपण ठरवायचा, अ‍ॅपर्चर तो बघतो, आणि उजेड पुरेसा नसेल तर खटका दाबूच देत नाही. सगळं स्वतः लावायचं म्हटलं तर मात्र मीटर मौन धरतो.

रचनाकार हाइन्झ वास्केने रोलाय 35 एवढा लहान केला की बिचाऱ्या यंत्रातल्या वस्तू जागा मिळेल तिथे गेल्या. रोल पुढे सरकवायची दांडी डावीकडे, फ्लॅशची जागा तळाला. एका बारशात फ्लॅशसाठी मी तो उलटा धरला, तर मावशी म्हणाली, "अरे, सुलट धर की!" लेन्सची नळी पोटातून ओढून, पिळून बसवायची, आत ढकलण्याआधी रोल पुढे घ्यावाच लागतो. हे विसरून मी एकदा जोर लावला आणि आतून जी कुरकुर आली तिने घाम फुटला.

आणि अंतर? ते अंदाजाने. खिडकीतून बघताना सगळंच स्वच्छ दिसतं, त्यामुळे चूक कळते ती रोल धुतल्यावर. म्हणून घरात सराव केला. आमच्या शहाबादी फरशा दोन फुटी. पाच फरशा म्हणजे तीन मीटर. दोन्ही हात पसरले की एक वाव, म्हणजे माझ्यापुरते पावणेदोन मीटर. पंधरा दिवसांत चहाची टपरी, बसथांबा, समोरून येणारा माणूस, सगळं फरशांत दिसायला लागलं.

बाहेर उन्हाच्या आडोशाला हे सोपं जातं. 400चा रोल, 125 वेग, आठ अ‍ॅपर्चर, अंतर तीन मीटरवर. दोनपासून साडेपाच मीटरपर्यंत सगळं ठीक येतं. पुण्याच्या मंडईत आत शिरलं की 60 आणि चारवर यावं लागतं, आणि ती ऐसपैस जागा दीडेक मीटरवर येते.

लिंबंवाल्या बाईंसमोर आधी आरसी धरला. दोन प्रतिमा जुळेपर्यंत त्यांनी वर बघितलं. "काय द्यायचं?" जुळलेल्या प्रत्येक फोटोत त्या माझ्याकडेच बघताहेत, आणि चेहऱ्यावर गिऱ्हाइकासाठीचं हसू आहे. रोलायला जुळवायचं काहीच नव्हतं. अंतर मागच्या गल्लीतच लावलेलं. वर केला, खटका, खाली. त्या लिंबं मोजत होत्या, ओठ मोजणीत हलत होते.

रात्री निगेटिव्हवर भिंग धरलं. मागे टांगलेल्या लसणाच्या जुडीची पाकळी न् पाकळी दिसते आहे. बाई धूसर. त्या चार फरशांवर होत्या.