शिंक दाबताय? जरा थांबा

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस. पण आजचा विषय माझ्याच वाईट सवयीचा आहे. आपल्या संभाजीनगरची धूळ तुम्हाला माहितीये. ऑफिसात पोचेपर्यंत नाक सुरू होतं, आणि मीटिंगमध्ये शिंक आली की मी नाक चिमटीत धरून, तोंड मिटून ती जिरवतो. घरून निघतानाही तेच, कारण शिंक आली की आजी थांबवणार!

आता ऐका. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या ३४ वर्षांच्या माणसाने असंच केलं. मानेत काहीतरी फुटल्यासारखं वाटलं, मान सुजली, गिळता येईना, आवाज बदलला. डॉक्टरांनी तपासलं तर मानेपासून बरगड्यांपर्यंत कातडीखाली मुरमुऱ्यांसारखी कुरकुर! घसा आतून फाटून हवा बाहेर पसरली होती. सात दिवस नाकातल्या नळीने अन्न द्यावं लागलं. ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये २०१८ साली ही केस छापून आली.

२०२३ मध्ये तिथेच स्कॉटलंडमधल्या डंडीची केस आली. गाडी चालवताना शिंक दाबली आणि श्वासनलिकेला २ बाय २ मिलिमीटरचं छिद्र पडलं. ऑपरेशन लागलं नाही, पाच आठवड्यांत भरून आलं.

असं का होतं? शिंक म्हणजे छातीतून जोरात सुटलेली हवा. नाक-तोंड दोन्ही बंद केलं, तर आतला दाब २० पटींपर्यंत वाढू शकतो, असं डंडीच्या डॉक्टरांनी लिहिलंय. कुकरची शिट्टी दाबून धरल्यासारखंच की! जोराच्या उलटीनेही अन्ननलिका फाटू शकते. डच डॉक्टर बूरहावे यांनी ते १७२४ मध्येच लिहून ठेवलंय. आणि ते तर फारच जिवावरचं.

घाबरू नका, हे क्वचितच होतं. पण शिंक किंवा उलटीनंतर मानेत, छातीत अचानक कळ आली, मान सुजली, दाबल्यावर कुरकुर लागली, आवाज बदलला किंवा दम लागला, तर हळदीचं दूध पीत बसू नका. फाटलेल्या जागेतून ते भलतीकडे उतरू शकतं. सरळ घाटी किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा.

बाकी उपाय फुकट आहे: रुमाल नाहीतर कोपर पुढे करा आणि बिनधास्त शिंका. मीटिंग दोन सेकंद थांबेल. आजीला मी समजावतो.