जर्मनांनी कबरीवर लिहिलं 'वुमकर', पण तो होता मुंबईचा वेलिंकर

पहिलं महायुद्ध संपल्यावर फ्रान्समध्ये एका कबरीवर नाव सापडलं, 'एस. सी. वुमकर'. असं आडनाव ना इंग्रजांत, ना जर्मनांत, आणि आपल्याकडे तर नाहीच.

शोध घेतल्यावर कळलं की हे मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंकर. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांकडून लढाऊ विमान उडवणाऱ्या चार भारतीयांपैकी एक.

वेलिंकर केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकलेले. पण त्या काळी पलटणीत भारतीय माणूस कितीही लढला तरी सुभेदार-मेजरच्या वर जात नसे, कारण राजाचं कमिशन गोऱ्यांसाठी राखीव होतं. आणि वैमानिक म्हणजे अधिकारी. चौघांपैकी हरदित सिंग मलिक यांना आधी नकारच मिळाला होता. ते फ्रेंच हवाई दलात जायला निघाले, तेव्हा त्यांच्या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकांनी पत्र लिहिलं आणि १९१७ मध्ये दार उघडलं. पाठोपाठ वेलिंकरही रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये आले.

त्यांची नेमणूक झाली २३ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये, विमान 'सॉपविथ डॉल्फिन'. या विमानात वैमानिकाचं डोकं वरच्या पंखाच्या चौकटीतून बाहेर यायचं. वरचं आभाळ लख्ख दिसायचं, शत्रू आला की लगेच कळायचं. पण उतरताना विमान उलटलं, तर पहिला दणका डोक्यालाच. त्यात ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूट नव्हतंच. बलूनमधून टेहळणी करणाऱ्यांना मात्र होतं!

२७ जून १९१८ ला वेलिंकर गस्तीवर गेले ते परतलेच नाहीत. जखमी होऊन ते जर्मनांच्या हाती लागले आणि तीन दिवसांनी, ३० जूनला, गेले. वय अवघं २३. शत्रूने रीतसर दफन केलं, फक्त मराठी आडनाव काही त्यांना लिहिता आलं नाही. इकडे घरच्यांसाठी ते कितीतरी दिवस 'बेपत्ता'च होते.

पुढच्याच महिन्यात इंद्रलाल रॉय पडले. तेरा दिवसांच्या आत दहा विमानं पाडणारा हा बंगाली पोरगा १९ वर्षांचा होता. त्यांचं नाव आज पुस्तकांत आहे, वेलिंकरांचं मुंबईतही फारसं कुणाला माहीत नाही. मलिक वाचले, आणि स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून त्याच फ्रान्समध्ये गेले.

भारतीय हवाई दल स्थापन व्हायला १९३२ उजाडलं. वेलिंकरांची कबर आज फ्रान्समधल्या हँगार्ड गावच्या दफनभूमीत आहे. नाव आता बरोबर आहे.