शिडाची होडी : शेडपासून पाण्यापर्यंत

जुनी होडी घेताना तिच्या पोटावर बोटं कुठे वाजवून पाहायची, ते आज सांगणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर गेलं. ठाण्याच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यांचा प्रश्न आधी सुटला नाही, तर बोटं भलत्याच होडीवर वाजवली जातील.

वाचक पन्नाशी ओलांडलेले. कॉलेजात एनसीसीच्या नौदल शाखेत असताना एंटरप्राइझ, म्हणजे दोघांची होडी, चालवलेली. मग नोकरी, बदल्या, मुलांच्या बारावी. आता रविवार मोकळे झालेत. हांगचौच्या आशियाई स्पर्धेत विष्णू सरवणनने आयएलसीए ७ मध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून त्यांच्या मनात ती होडी बसलीय. विचारतात, लेझर घेऊ की आपली जुनी एंटरप्राइझच बरी? (आयएलसीए म्हणजे लेझरच. नाव बदललं ते हक्कांच्या भांडणामुळे. धक्क्यावर अजून सगळे लेझरच म्हणतात, मीही म्हणतो.)

पत्र चार पानी आहे. त्यात वाऱ्याबद्दल आहे, वेगाबद्दल आहे, शिडाच्या रंगाबद्दलसुद्धा आहे. होडी ठेवणार कुठे, तिथून पाणी किती लांब आणि ती ढकलणार कोण, याबद्दल एक ओळ नाही. माझ्या मते परतून आलेल्या माणसाची पहिली होडी याच तीन गोष्टींवर ठरते. कॉलेजात आपण दहा जण होतो, होडी उचलली की ती जणू आपोआप पाण्यात जायची. आता एकटे आहात.

लेझरचा जन्मच मुळी या काळजीतून झाला. १९६९ मध्ये कॅनडात इयान ब्रूस यांना कॅम्पिंगच्या सामानाबरोबर विकता येईल, मोटारीच्या टपावर नेता येईल अशी होडी हवी होती. त्यांनी ब्रूस कर्बी यांना फोन केला आणि बोलता बोलताच कर्बींनी कागदावर रेघोट्या मारल्या. पुढे १९९६ साली ऑलिंपिकमध्ये गेलेली होडी त्या रेघोट्यांतून निघाली. म्हणजे तिच्यावर पहिली अट होती ती रस्त्याची! नुसत्या होडीचं वजन ५९ किलो. डोलकाठी दोन तुकड्यांत निघते, तारांचा गुंता नाही. एकटा माणूस पंधरा-वीस मिनिटांत ती सज्ज करतो.

एंटरप्राइझ १९५६ ची. जॅक होल्ट यांनी प्लायवूडमध्ये आखलेली, लांबी ४.०४ मीटर, निळी शिडं. न्यूज क्रॉनिकल या वर्तमानपत्राने तिच्या जाहिरातीसाठी दोन होड्या ऐन जानेवारीत, रात्री इंग्लिश खाडीपार पाठवल्या होत्या. बसायला आडवी फळी आहे, बूम जरा वर आहे, स्पिनेकरची भानगड नाही. पन्नाशीच्या गुडघ्यांना ती लेझरपेक्षा कितीतरी दयाळू. लेझरमध्ये बसायची जागा अशी नाहीच. कडेवर बसायचं, पाय पट्ट्यात अडकवायचे, अंग पाण्यावर बाहेर झोकायचं आणि वळताना खालच्या बूमखालून जवळजवळ रांगत पलीकडे जायचं. घरी एक चाचणी करा: जमिनीवर उकिडवे बसा, तसेच सरकत खोलीच्या दुसऱ्या भिंतीशी जा आणि हात न टेकता उठा. पाच वेळा जमलं तर लेझरचा विचार करा. तोही मोठ्या शिडाचा नको. त्याच होडीवर ७.०६ चौरस मीटरऐवजी ५.७६ चौरस मीटरचं शीड लागतं, फक्त डोलकाठीचा खालचा तुकडा बदलतो. तुमचं वजन सत्तरच्या आत असेल तर दुपारच्या वाऱ्यात हे छोटं शीडच पुरून उरतं. पत्रात वजन लिहिलेलं नाही. कुणीच लिहीत नाही.

पण एंटरप्राइझ नव्वद किलोच्या घरात जाते. त्यावर डोलकाठी, बूम, सेंटरबोर्ड, सुकाणू, ओली शिडं आणि खाली ट्रॉली धरा, दीडशेच्या आसपास. लेझरचा हाच हिशेब शंभरच्या आगेमागे. आता सिमेंटचा उतार आठास एक असेल, तर शंभर किलो वर ओढायला बारा-तेरा किलोचा जोर लागतो. दीडशेला एकोणीस. हे एकट्याला जमतं. पण सिमेंट संपून भुसभुशीत वाळू लागली की चाकं रुततात आणि हा हिशेब गुंडाळून ठेवावा लागतो. सपाट वाळूतसुद्धा अरुंद चाकांची ट्रॉली उतारापेक्षा जास्त दमवते. चिखलाचं तर बोलूच नका.

याच कारणाने मी वेफेररची शिफारस कधी करत नाही. १९६३ साली फ्रँक डाय वेफेररमधून स्कॉटलंडहून आइसलंडला गेले. उघड्या, सोळा फुटी होडीतून! समुद्रावर ती होडी कमालीची भरवशाची. पण नुसतं होडीचं वजन १६९ किलो आहे. ती ओढताना किनाऱ्यावर चहावाल्यासकट सगळ्यांना हाका मारायची तयारी ठेवा.

आता मुंबईतली खरी गोम, म्हणजे भरती-ओहोटी. या विषयावर मी आवरत नाही, हे नेहमीचे वाचक जाणतात. उधाणाच्या दिवशी इथे पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. उतरतं तेही सारख्या गतीने नाही. सहा तासांच्या ओहोटीत पहिल्या तासाला बारावा हिस्सा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोनच तासांत निम्मं पाणी, सव्वादोन मीटर, जातं. पुळणीचा उतार तीसास एक असेल तर त्या दोन तासांत पाण्याची कड जवळजवळ सत्तर मीटर मागे सरकते. ज्या जागेवरून होडी लोटली, तिथे परत येताना सत्तर मीटर ओली वाळू.

कोकणातला जुना हिशेब इथे फार उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारच्या आसपास भरती आणि सहाच्या सुमाराला ओहोटी. नवशिक्यांना नेमके हेच दिवस मोहात पाडतात, कारण दुपारी पाणी अगदी शेडच्या दारात असतं. मतलई पडलेली असते, खारा वारा धरायला लागलेला असतो. मजेत निघता. पाचला दमून परत येता तेव्हा पाणी लांब गेलेलं असतं आणि उधाणाचं असल्यामुळे फारच लांब. उलट अष्टमी बघा. आठाची पाऊणपट सहा. भरती संध्याकाळी सहाला आणि पाण्याची चढउतारही कमी, कारण भांगाचे दिवस. दुपारी निघताना थोडं चालावं लागेल, पण तेव्हा अंगात दम असतो. परतताना पाणी तुम्हाला वर आणून सोडतं. षष्ठी, सप्तमी, अष्टमी, दोन्ही पक्षांतल्या. वेळ छापील कोष्टकातून पक्की करून घ्यावी, पण रविवार निवडायला पंचांग पुरतं.

तेव्हा वाचकहो, उत्तर असं. दर रविवारी येईल असा जोडीदार आज, नावानिशी, तुमच्याजवळ असेल तर एंटरप्राइझ घ्या. तिथे तुमच्या हातांना जुनी दोरी ओळखीची वाटेल आणि होडी ओढायला चार हात असतील. ‘कुणीतरी मिळेल’ अशी परिस्थिती असेल तर घेऊ नका. असा जोडीदार दोन रविवार येतो. मग गुडघे साथ देत असतील तर छोट्या शिडाची लेझर. ती उलटली तर डॅगरबोर्डवर उभं राहून एकट्याला सरळ करता येते, कॉकपिटमधलं पाणी चालू लागताच आपोआप निघून जातं. जुन्या लाकडी एंटरप्राइझमध्ये मात्र बादलीने उपसत बसावं लागतं. खाडीच्या उथळ पाण्यात दोन्हींची डोलकाठी गाळात रुतू शकते, म्हणून सराव खोल पाण्यात आणि कुणी सोबत असतानाच. लाइफ जॅकेट अंगात, होडीत नव्हे.

आणि व्यवहार ठरवताना ट्रॉली त्याच होडीची आहे ना, पाहा. विकणारे होडीबरोबर हाती लागेल ती ट्रॉली देतात. होडी तिच्यावर दोन बिंदूंवर टेकली, तर तिथेच तळाला पुढे भेगा पडतात. चाकं रुंद, फुगीर रबराची हवीत. दर फेरीनंतर त्यांच्या बेअरिंगवर गोडं पाणी ओता. होडी धुणारे पुष्कळ दिसतात, चाकं धुणारा अजून मला भेटायचाय.