मनीच्या घरी आलेले गिनीपिग

ग्वाल्हेरच्या लष्करात दाना ओली नावाची जुनी पेठ आहे. १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी किल्ल्याच्या दक्षिणेस पडली, ती पुन्हा उठलीच नाही. तिचेच हे लष्कर झाले. ज्या पेठेच्या नावातच दाणा, तेथे उंदीर येणारच, आणि उंदरांमागून मांजर. आमच्या घरी मांजर आहे ते हौसेचे नव्हे, कामाचे. हे नाते फार पुरातन आहे. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली व २००४ साली तिची माहिती प्रसिद्ध झाली. तीत माणसाच्या शेजारीच मांजर पुरलेले होते. माणसाने धान्य साठविले, धान्याने उंदीर बोलाविले आणि उंदरांनी मांजर, असे विद्वान मानतात. आमच्या आजीला हे कोणी सांगितले असते, तर तिला त्यात नवल वाटले नसते.

अशा घरात गेल्या चैत्रात आमचा भाचा पुठ्ठ्याच्या खोक्यातून दोन गिनीपिग घेऊन आला. दोन्ही माद्या, एक तांबूस, एक पांढरी. मनी त्या वेळी कोठीच्या उंबऱ्यावर निजली होती. तिने डोळे उघडले, शेपटीचे टोक एकदाच हलविले आणि ती उठून बसली.

भाच्याला आम्ही मोठ्या जाणत्याच्या आवाजात सांगितले, “पोटभर दूध दे, म्हणजे ती शिकार करणार नाही.” हे आमचे म्हणणे साफ चुकीचे होते. मांजराची भूक निराळी आणि झडप घालण्याची ओढ निराळी. पोट भरलेले मांजरही धावत्या वस्तूवर झेपावते. त्याला ‘सवय लावू’, ‘दटावू’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. काही मांजरे वर्षभर शहाण्यासारखी वागतातही. परंतु एका क्षणाचा प्रश्न असतो, आणि त्या क्षणी घरात कोणी नसते.

पिंजरा आम्ही बैठकीतल्या टेबलावर ठेवला. मनीने त्याला स्पर्शही केला नाही. ती समोरच्या खुर्चीवर बसे आणि पाहत राही. दुसऱ्या दिवशी पांढरीने गवताला तोंड लावले नाही. आम्ही म्हटले, नव्या जागेमुळे असेल. वास्तविक गिनीपिगाचे पोट सतत चालू राहावे लागते. अर्धा दिवसही तो उपाशी राहिला तर आतड्यांचे काम मंदावते व जीव धोक्यात येतो. शत्रूची नजर आणि वास एवढेच त्याला पुरते. पिंजऱ्याच्या गजांनी पंजा अडतो, भीती अडत नाही, ही गोष्ट आमच्या ध्यानी उशिरा आली.

मग आम्ही दुसरी चूक केली. मनीची पोहोच नको म्हणून पिंजरा गच्चीवरच्या खोलीत नेला व दार लावून घेतले. वैशाख लागला होता. ग्वाल्हेरचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांस निराळे सांगावयास नको. पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि लू चालू असते. गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताकडचा. तिशीच्या पुढचे उष्णतामानसुद्धा त्याला सोसत नाही. एका दुपारी भाचा पाणी बदलावयास वर गेला, तो पांढरी कुशीवर पडलेली होती. शेजारच्या काकू आल्या आणि म्हणाल्या, “मांजराच्या घरी दुसरे काय व्हायचे!” मनीने तिला शिवलेही नव्हते. त्या दिवशी भाचा आमच्याशी बोलला नाही. आणि त्याचे बरोबरच होते.

त्यानंतर जी व्यवस्था केली ती सांगतो. तळमजल्यावरची, उत्तरेकडच्या खिडकीची लहान खोली रिकामी केली. खिडकीला जाळी, दाराला वरच्या अंगाला कडी. खालची खिटी मांजर पंज्याने सरकविते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. दाराखालच्या फटीला लाकडी पट्टी ठोकली. पिंजरा टेबलावर न ठेवता भिंतीशी जमिनीवरच ठेवला, कारण उंचावरचा पिंजरा मांजराच्या एका उडीने खाली येतो. आत आडवी ठेवलेली लाकडी पेटी आहे; भ्यालेल्या जीवाला दडावयास जागा हवी. तळ भरीव असावा, जाळीच्या तळाने पाय सोलतात. दुपारी खिडकीला ओला पडदा आणि पिंजऱ्यात गार फरशीचा तुकडा.

ज्यांच्या मुलांनी पांढरे उंदीर पाळले असतील त्यांनी गजांकडे अधिक लक्ष द्यावे. उंदराचे डोके जेथून जाते तेथून सगळा उंदीर जातो, आणि त्याला सहा-सात मिलिमीटरची फट पुरते. पक्ष्यांचा पिंजरा तेथे कामाचा नाही.

मोकळे सोडावयाचे झाल्यास आधी मांजर कोठे आहे ते डोळ्यांनी पाहावे. ‘बाहेर असेल’ हा अंदाज नको. आमच्या घरी नियम असा आहे की, मनी स्वयंपाकघरात कोंडल्यावर भाचा मोठ्याने तसे सांगतो, मगच आतली कडी निघते. मनीला कुरवाळलेले हात धुतल्यावाचून पिंजऱ्यात जात नाहीत.

आणखी एक गोष्ट धान्याच्या घरांसाठी. पिंजऱ्याबाहेर सांडलेला दाणा रानटी उंदरांना बोलावितो, आणि ते आले की मांजर दारापासून हलत नाही. शिवाय त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिससारखे रोग पसरतात. म्हणून दाणा झाकणाच्या डब्यात, आणि रोज झाडू. विषाच्या गोळ्या घरात मुळीच नकोत. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला, तर मांजरही दगावते.

कधी पंजा किंवा दात लागलाच, तर जखम टाचणीच्या टोकाएवढी आहे म्हणून स्वस्थ बसू नये. मांजराच्या तोंडातील जंतू लहान प्राण्यास थोड्याच काळात मारू शकतात. त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात न्यावे. घरातील औषध मात्र देऊ नये. पेनिसिलिन गिनीपिगाला विषासारखे बाधते, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

तांबडी एकटी पडली होती. हे प्राणी एकटे झुरतात, म्हणून श्रावणात तिला दुसरी सोबतीण आणली. मादीच आणली, नाहीतर दोन-अडीच महिन्यांत खोली भरली असती. गिनीपिगाच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोज बाहेरून द्यावे लागते. म्हणून सकाळी ढोबळी मिरची आणि कोथिंबीर. जुडी सोडल्याचा आवाज झाला की आतून लांब शीळ येते. बाहेर उंबऱ्यावर मनीचे कान टवकारतात. भाचा उठून कडी पाहून येतो.